वहीतला चहा

किरुंबाच्या उतारावर, मासळीबाजाराच्या जरा अलीकडे
निळ्या पत्र्याचं माझं दुकान.
मक्याचं पीठ, रॉकेल, दगा नावाची बारीक सुकी मासळी,
आणि साबणाची हातभर लांब वडी, जी मी तारेने कापते,
चार बोटं, दोन बोटं,
ज्याच्या मुठीत जेवढी नाणी.

दर जूनमध्ये तराजूला शिक्का लागतो.
शिक्क्याचा सरकारी दर मीच उतरवून भिंतीवर चिकटवलाय.
त्याच्या खाली आणखी एक दर असतो,
तो भिंतीला माहीत नाही.

लुबिंझा साहेब आले.
बसण्याआधी स्टुलाकडे बघतात, तसं बघितलं.
"न्यामिझी, ऊन फार आहे. चहाचं काही?"

चहा म्हणजे काय
हे म्वान्झात शेळीच्या करडालाही कळतं.
मी स्टोव्ह पेटवला.
आलं ठेचलं, दूध ओतलं, साखर दोन चमचे,
आणि वहीत लिहिलं :
चहा, एक कप, लुबिंझा, उधार.

प्यायले. नाइलाजाने. चांगला झाला होता.
मग पिशवीतून पितळी वजनं काढली,
तराजूत ठेवली, वाकून बघितलं, परत ठेवली,
सात वर्षांत पहिल्यांदा
त्यांनी खरंच आपलं काम केलं.
"किलोमागे बारा ग्रॅम जास्त जातंय."
"जास्त? गिऱ्हाइकाला?"
"चूक ती चूक."
पावती हवी असेल तर दंड साठ हजार शिलिंग.
नको असेल तर वीस.

बारा ग्रॅम!
म्हणजे इतकी वर्षं नावाड्यांना, दवाखान्यातल्या नर्सला,
भांडं न विसळता परत आणणाऱ्या म्बुकेला
मी न कळत देत आले.
वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं,
ते मी कुणाला सांगितलं नाही.

म्हटलं, पावती हवी.
पावतीपुस्तक कचेरीत होतं.
कचेरी बंद होती.
किल्ली ज्याच्याकडे, तो रजेवर होता.
त्यांनी तराजूच्या दांडीला लाखेचं सील लावलं आणि गेले.

नऊ दिवस मी पीठ विकलं नाही.
सगळे उताराखाली मसूदकडे जाऊ लागले,
ज्याच्या तराजूला शिक्का आहे
आणि ज्याच्या किलोत नऊशे ग्रॅम.
सरोवराकडून दमट वारा यायचा,
पोती आतून गरम लागायची.
दहाव्या दिवशी पोत्यात हात घातला तर
बोटांवरून काहीतरी चाललं.

मी वीस हजार दिले.

हे सांगायला नको होतं,
पण वही सांगते, आणि वहीत मी खोटं लिहीत नाही.
दुसरा शब्द सुचेना म्हणून लिहिलं :
चहा, एक कप, वीस हजार.

डिसेंबरात करखात्याची मुलगी आली, कोकुबेरा.
नवीन. बुटांना अजून इथली धूळ नव्हती.
तिचं बोट पानावरून खाली येत येत
त्या ओळीवर थांबलं.
"हा कुठला चहा?"
बाहेर कुणीतरी बर्फाची लादी फोडत होतं.
"किती जण प्यायले?"
"एकच," मी म्हटलं. "पण कप मी विसळतेय, अजून."

तिने पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.
त्या ओळीसमोर काय लिहिलं, मला दिसलं नाही,
कागद तिच्या कोपराखाली होता.

मग म्हणाली, किलोभर पीठ द्या.
तराजू आता बरोबर आहे. काटा मध्ये थांबला.
थांबल्यावर मी वर एक चिमूट टाकली.
हल्ली टाकते, मोजून झाल्यावर.
त्या चिमटीला शिक्का लागत नाही.

"ते काढा," ती म्हणाली.

मी काढलं. पोत्यात परत झटकलं.
तिने पैसे मोजून ठेवले
आणि हात पुढे केला.
पावती.

पावतीपुस्तक शोधायला
मला जरा वेळ लागला.