भिंगरीला चालायला शिकवताना

नाव मालननं ठेवलं : भिंगरी.
ठेवताना जरा विचार करायला हवा होता.

पहाटे साडेपाचला हरिपूर रस्त्याला लागलो
की नाक पुढे, आणि मागे आम्ही दोघं :
मी, आणि तिचं उरलेलं अंग.
खार. चिंचेचा आकडा.
रात्री कुणी सांडलेलं भडंग, त्यातला लसूण.
नदीकडून वर आलेल्या ओल्या म्हशी.
खांबावर कुठल्या कुत्र्यानं ठेवलेला निरोप,
तो तिला दोनदा वाचायचा असतो,
आणि येताना पुन्हा एकदा.
मी ओढतो. ती ओढते.
"कोण कुणाला फिरवतंय ओ तोलारमामा?"
दूधवाला मगदूम रोज हेच विचारतो,
आणि रोज स्वतःच हसतो.

शिकलगार डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओढू नका.
दोरी ताणली की झाड व्हा.
वळून बघेल. बघितलं, की त्याच क्षणी तुकडा.
उशिरा दिलेला तुकडा
तिला दुसऱ्याच कशाचा तरी वाटतो.
बेदाणा मात्र एकसुद्धा नाही, किडन्या जातात.
(सांगलीत राहून बेदाणा नाही,
हे मालनला अजून पटलेलं नाही.)
आणि अधूनमधून म्हणा, जा, हुंग.
नाक घरी ठेवून कोण फिरायला येतं?

झालो झाड.
पहिल्या दिवशी एकाच चिंचेखाली अकरा मिनिटं.
शाळेची रिक्षा गेली, भरून परत आली.
खिशात भाकरीचे तुकडे, तुपावर परतलेले, नखाएवढे.
मगदूम थांबला. म्हणाला, पायात गोळा आला का?

एकतीस वर्षं मार्केट यार्डात काट्यापुढे उभा होतो.
काटा थरथरतोय तोवर तोंड उघडायचं नाही.
हमालाचा हात पोत्याला लागलाय का बघायचं,
वारा बघायचा,
शेतकऱ्याच्या तोंडाकडे मात्र बघायचं नाही.
काटा ठरला, की मग आकडा, खणखणीत.
म्हणजे हे मला येत होतं.
कुत्र्यासाठीही चालतं, हे माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी आधी कान वळला.
मग मान.
मग दोन तपकिरी डोळे,
अर्धे माझ्याकडे, अर्धे खारीकडे.
अर्ध्याचाही तुकडा दिला.

पुढे दोन खांब जमले, मग पाच.
मग एका मंगळवारी शेरडांचा कळप आला
आणि माझा खांदा पंधरा दिवस दुखला.
मालन शेकताना म्हणाली, तुमच्यापेक्षा झाड बरं,
ते निदान मुळं धरून असतं.

फाल्गुनात रस्ता खणला म्हणून
आम्ही उलटं, यार्डाकडून गेलो.
निवृत्तीनंतर मी तिकडं फिरकलो नव्हतो.
गेटात ट्रक उभे. पोती उतरत होती.
नवी हळद.
आधी घशात बसते, नाकाला नंतर कळते.
आत कुणीतरी वजनं वाचत होतं,
भराभर, लाल आकड्यांवरून,
थरथरच नाही तिथं, काय वाट बघायची?
तरी मी बघत राहिलो.
एका पोत्याला हमालाचा हात लागला होता,
इतक्या लांबूनही दिसला.

किती वेळ, सांगता येणार नाही.
मनगटावरची दोरी सैल होती, तेवढं उशिरा कळलं.
समोर चहाचा गाडा, खाली बिस्किटाचा चुरा,
दोन अनोळखी कुत्री, एक उलटी टोपली.
भिंगरी कशालाच गेली नव्हती.
बसली होती माझ्या चपलेवर एक पाय ठेवून,
वर बघत.
ओढत नव्हती.
खिशातल्या तुपाचा वास असेल.
असेलही.

मी वळून बघितलं.
तिच्याकडे तुकडा नव्हता. शेपटी होती,
ती तिनं त्याच क्षणी हलवली.

घरी मालन म्हणाली, आज एवढा उशीर?
म्हटलं, हुंगत होतो.