रकाना

एकतीस वर्षं मी या गावच्या नगरपालिकेत
माणसं गेल्याच्या नोंदी केल्या.
निवृत्त झाले तर ऑस्लोहून प्रकाशकाचं पत्र:
रक्तपिपासूंच्या प्रेमकथेचे सातही भाग निघाले,
आता जोडीला एक मार्गदर्शिका हवी,
कोण कुणाचं, कुठल्या सालचं, कुणी कुणाला चावलं,
सगळं अकारविल्हे.
लेखिका तुमच्याच गावची, काळोख तुमच्याच गावचा,
तुमच्याइतकं चोख कोण करणार?

हसले. मग चष्मा पुसला आणि बसले.

नोव्हेंबर सरत आला होता.
इथे तेव्हा सूर्य जातो तो जानेवारीपर्यंत तोंड दाखवत नाही.
म्हणून तर तिने त्यांना इथे वसवलं.
दोन महिने ते बिचारे दिवसाढवळ्या
मासळीच्या धक्क्यावर हिंडू शकतात
आणि कुणाला संशय येत नाही,
या दिवसांत आम्ही सगळेच पांढरेफटक असतो.

पहिली नोंद: आस्लाक. जन्म १७८१. मृत्यू:
पेन थांबलं.
रकाना दिसला की भरायचा, ही हाताची खोड.
आस्लाकचा कोरा. इंगेरीदचा कोरा.
पहिला आठवडाभर मला
कामचुकारपणा केल्यासारखं वाटत राहिलं.

डोळे: दुसऱ्या भागात राखाडी, चौथ्यात पिंगट
(उपाशी असताना, पान २१२).
लसूण चालतो. आरसा चालत नाही.
उकडलेल्या कॉडचा वास सोसत नाही.
चुंबनं मोजली, त्रेचाळीस भरली.
शेजारच्या बोर्गहिल्डला सांगितलं तर म्हणाली,
सात भागांत एवढीच?

घोडं अडलं ते बोटीच्या तिकीट खिडकीशी.
तिथली बाई, टोरबोर्ग, पहिल्या भागात वय अठ्ठावन्न.
सुटे पैसे दोनदा मोजते,
अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली,
खिडकीच्या कडीला एक लोकरीचा मोजा वाळत घातलेला.
सहाव्या भागापर्यंत चाळीस वर्षं लोटतात,
नायिकेची धाकटी बहीण म्हातारी होऊन वारतेसुद्धा,
आणि खिडकीत टोरबोर्ग.
वय अठ्ठावन्न.
तोच मोजा, अजून ओला.

तिला कुणी चावलेलं नाही. मी तीनदा तपासलं.

ऑस्लोचा पोरगा, एस्किल, फोनवर म्हणाला,
चूक आहे ती. लेखिका आता हयात नाहीत,
विचारणार कुणाला?
शुद्धिपत्रात टाका आणि पुढे चला.

पुढे जाता येईना. तो मोजा मी कुठेतरी पाहिला होता.

दुपारी तीनच्या मिट्ट काळोखात नगरपालिकेत गेले.
माझ्या खुर्चीतल्या नव्या मुलीने
तळघराची किल्ली दिली, वर कॉफी विचारली.
माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष, फेब्रुवारी.
अक्षर माझंच, पण अजून शाळेतलं:
वाल्बोर्ग. बोट कंपनी, तिकीट विक्री. वय अठ्ठावन्न.
खबर देणार: मुलगी.

आठवली मग.
एकोणीस वर्षांची, कोटाच्या बाह्या आखूड,
मनगटं थंडीने लाल.
सही करायला वाकली तेव्हा मी म्हणाले होते,
नाव जरा चौकटीच्या आत लिही.
दुसरं काही म्हणाले नव्हते.

तिने लिहिलं होतं. अगदी आत, अगदी बारीक.

आज ती नोंद पुरी केली.
टोरबोर्ग. तिकीट खिडकी. भाग एक, भाग सहा.
वय अठ्ठावन्न.
शुद्धिपत्रात काही नाही. एस्किल विचारेल.
विचारू दे.

मृत्यूच्या रकान्याशी हात सवयीने गेला.
एकदा भरलाय मी तो, निळ्या शाईने.
पेनाला टोपण लावलं.
मग आठवण झाली म्हणून पुन्हा काढलं,
आणि ‘म’च्या पानावर,
‘मृत’ आणि ‘मोक्ष’ यांच्या मधे कुठे तरी
जागा करून लिहिलं:
मोजा, लोकरीचा. ओला.