चुकल्या-चुकल्यावानी

नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं: मिस.
इंग्रजीत चार अक्षरं, आपल्यात दोनच,
त्यातलंही एक खडू तुटल्यामुळे अर्धवट.

म्हटलं, मिस म्हणजे चुकणे, हुकणे.
नेम चुकतो. गाडी हुकते.
पहिला अर्थ पोरांना लगेच कळला,
अंकुश नेहारे तर शाळेआधी दोन तास
ज्वारीतल्या माळ्यावर उभा असतो गोफण घेऊन.
दुसरा मला कळतो,
पाच-चाळीसची आर्वी गाडी
फाट्यावर न थांबता गेली की.

पुढे पुस्तकात वाक्य होतं:
आय मिस माय ब्रदर.
अंकुश म्हणाला, "मंग थ्यानं भावाले गोटा मारला
न् नेम चुकला काय, मॅडम?"
वर्ग हसला. मीही हसले, आणि मग
फळ्याकडे तोंड करून उभी राहिले
कारण मला उत्तर येत नव्हतं.

'आठवण येणे' लिहिलं. पुसलं.
आठवण आपल्या पायांनी येते,
कवाड लोटलेलं असलं तरी येते.
हे क्रियापद मात्र करावं लागतं,
याला कर्ता लागतो, पदर खोचून उभा.
'उणीव भासणे' लिहिलं. तेही पुसलं.
असं कोण बोलतं?
शोकसभेत माइक हातात आलेला माणूस.

सुट्टीत गुंफाबाई खिचडीचं गंज खरवडत होती.
मागच्या सोमवारी बाजारात तिनं म्हैस विकली.
सहज विचारलं, करमतं का आता?
"काय सांगू बाप्पा,
दूध काढाच्या टायमाले पाय आपसुक खुट्याकडे जाते.
काल तं पाटीभर कुटार टाकून आली मी.
टाकलं, न् मंग समजलं.
चुकल्या-चुकल्यावानी लागते पाय."

तिनं गंजात पाणी ओतलं.
मी डबा उघडला होता, तो तसाच बंद केला.

म्हणजे घरात होतंच की हे,
फडताळात मागे सरकलेल्या वाटीसारखं.
जे नेमाला तेच जिवाला.
फक्त आपण ते दोनदा म्हणतो,
एकदा म्हणून भागत नाही,
वर पुन्हा 'वानी' जोडतो,
कारण नक्की काय चुकलं ते सांगता येत नाही.
गुंफाबाईनं भाव तर बरोबर घेतला होता.

वर्गात जाऊन सांगितलं, तर पोरं सुटलीच.
वासरू चुकते मॅडम, रानात.
हिशेब चुकते, न् दुकानदार म्हणते चुकता करा.
फकीर चुकते, पण थो मशिदीत सापडते.
शेवटच्या बाकावरून कुणीतरी: "न् मिसकॉल?"

अंकुशचा भाऊ चाकणला कंपनीत आहे.
रात्रपाळी सुटली की मिसकॉल देतो.
एक रिंग, खोलीवर पोचलो.
दोन रिंगा, पैसे टाकले.
आता बोलणं फुकट झालं, तरी रिंगच देतो.
तीन म्हणजे काय रे, विचारलं.
"थे ठरवलं नाई अजून."
सकाळी सव्वासातला, चुलीपाशी ठेवलेल्या फोनवर
आईला तो बरोबर लागतो.
एवढा नेम अंकुशचाही नाही.

फेब्रुवारीत चाचणी झाली.
मिस वापरून वाक्य करा, गुण दोन.
अंकुशनं लिहिलं होतं:
आय मिस द पॅरट. द पॅरट इज हॅपी.

काळ चुकला म्हणावं, तर नेम चुकला असेल,
आणि पोपट वाचला म्हणून खूश.
की ज्वारी कापून झाल्यावर
रिकाम्या धुऱ्यावरून शाळेत येताना
हातातली गोफण नुसतीच लोंबत असेल
आणि वर आभाळात हिरवं काहीच

लाल पेन उघडा धरून बसले.
शाई वाळली असावी, पहिली रेघ उमटली नाही.
दुसऱ्यांदा उमटली. दोन्ही गुण दिले.

पाच-चाळीस कधी गेली, कळलं नाही.