एकसष्ट हजार, सावकाश

इंजिन शववाहिकेतलं आहे,
हे तोर्बयोर्नने पैसे मोजून झाल्यावर सांगितलं.
चौऱ्याण्णव सालची लांबलचक काळी व्होल्वो,
मागच्या काचांना राखाडी पडदे.
एकसष्ट हजार किलोमीटर, आणि सगळे
दवाखाना ते चर्च, चर्च ते दफनभूमी.
"सर्व्हिस वेळच्या वेळी. आल्गोत काटेकोर माणूस.
गिऱ्हाइकांना उशीर चालला असता,
त्याला नाही."

टर्बो होता. कशाला होता, देव जाणे.
टॉर्च धरून पाती पाहिली:
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आणि
पाहुणे न आलेल्या चमच्यांसारखी, कोरी.
तीस वर्षं त्या पोटात एक शिट्टी होती
आणि ती कोणी वाजवली नव्हती.

गाडी माझी सदुसष्टची, पी अठराशे.
लाल. म्हणजे गंज नाही तिथे लाल.
जुनं इंजिन काढलं मार्चमध्ये, बाहेर उणे एकोणीस.
साखळीला लटकताना ते एकदा हळूच फिरलं,
घर सोडताना माणूस खोलीकडे पाहतो तसं.
दोन कार्ब्युरेटर, दोघांचं उभ्या जन्मात एकमत नाही.
मी ते घोंगडीत गुंडाळलं.
भंगार आहे ते, तोर्बयोर्न म्हणाला.
असू दे, म्हटलं.

मग सुरू झालं न बसणं.
ऑइलचं चेंबर आडव्या दांडीला अडलं,
मॅनिफोल्ड ब्रेकच्या सिलिंडरला भिडला,
इंटरकूलरला जागा नाही, गिअरबॉक्सला बोगदा अरुंद.
एप्रिलभर ग्राइंडर, मेभर वेल्डिंग,
जूनमध्ये कळलं, मी मापून कापलेली स्टार्टरची वायर
वीतभर तोकडी आहे.
कागद कारखान्यात बावीस वर्षं मी इलेक्ट्रिशियन.
हे कोणाला सांगू नका.

टर्बो म्हणजे काय, तोर्बयोर्न एका दमात सांगतो:
टाकलेला श्वास वाया घालवायचा नाही,
त्यालाच पुढचा श्वास ओढायला लावायचा.
आल्गोतने कोणाकोणाला नेलं, यावर मात्र
आम्ही दोघंही गप्प.
साडेतीनशे घरांचं गाव. हिशेब सोपा आहे.
माझी सासू यातूनच गेली. पोस्टातली ईडला गेली.
आणि सिक्स्टेन, ज्याच्या कोठारातून ही लाल गाडी
दोन हिवाळे मागून मागून मी मिळवली.
म्हणजे जुन्या धन्याला
नव्या इंजिनाने आधीच पोचवून ठेवलंय.
मी काही जुळवून आणलेलं नाही.
लहान गावात सगळ्याच गोष्टी
एकमेकींच्या नात्यातल्या निघतात.

ऑगस्ट. नदीकाठचा रस्ता. पहिली फेरी.
पाय दाबला. काही नाही.
दोन हजार, पंचवीसशे, काही नाही.
सभ्य, दबक्या आवाजात,
टोपी हातात घेतल्यासारखं ते चालत राहिलं.
"त्याला वाटतंय, मागे कोणीतरी निजलंय," तोर्बयोर्न म्हणाला.
मी पुन्हा दाबला.
तीन हजारांना
काहीतरी
बारीकसं सुरू झालं, शेजारच्या घरातली किटली,
मग आपल्या घरातली,
मग किटली कसली,
पाठ सीटमध्ये रुतली, बर्चची झाडं एकमेकांत सांडली,
तोर्बयोर्नच्या मांडीवरचा सतरा नंबरचा पाना मागे उडाला
आणि मी ओरडले.
काय ते आठवत नाही. शब्द नव्हता तो.

परतताना चर्चपाशी पाय आपसूक सैल झाला.
माझा, का त्याचा.
कुंपणाच्या आत आल्गोत गवत कापत होता,
निवृत्तीनंतरही तिथेच.
मशीन बंद करून त्याने कान दिला.
दुरून येताना त्याने आम्हाला ओळखलं नव्हतं;
आता, या चालीवर,
त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला.
मग त्याला गाडी दिसली, लाल, आत दोन जिवंत माणसं,
आणि टोपी परत घालावी की नाही
हे न सुचून
तो तसाच उभा राहिला.