कल्हई

पितृपक्षाच्या आधी भद्रकालीतून मुनीर यायचा
गंगाघाटावरच्या आमच्या गल्लीत.
भाता, नवसागर, कापसाचा बोळा,
आणि पितळी पातेल्यात तोंड दिसायचं.

त्या वर्षी कुणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी आलं.
काय, ते आता कुणालाच धड सांगता येत नाही.
त्याला बोलवायचं नाही, एवढं ठरलं.
मीही मान हलवली.

श्राद्धाची चिंचगुळाची आमटी
दुपारपर्यंत हिरवट झाली, कळकली.
धाकटी वेणू रात्रभर ओकत होती.
सासूबाईंनी दोष चिंचेला दिला.

परवा दूध बाजारात मुनीर दिसला,
स्टीलचे डबे विकत बसलेला.
"पातेली कशी आहेत, वहिनी?"
माहेरची माणसं विचारावीत तसं विचारलं त्यानं.

"बरी आहेत," म्हटलं मी,
आणि जिभेवर
तीच कळकट चव.