अळणी

वडील पहिल्यांदा ईरीच्या काठाशी उभे राहिले
तेव्हा बूट न काढताच त्यांनी ओंजळ भरली,
चाखली, आणि थुंकले.
"अळणी," म्हणाले.
एवढं मोठं पाणी, पलीकडचा काठ दिसत नाही,
लाटा आहेत, पक्षी आहेत, दीपगृहसुद्धा आहे,
आणि मीठ टाकायचं कुणी विसरलंय.

ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली
की ओंजळ दरवेळी वाढत गेली.
शेवटी शेवटी ते बादलीभर प्यायले होते.

एकोणीस वर्षांचे. काबो रोहोच्या मिठागरातून आलेले,
जिथं पाणी आटत आटत गुलाबी होतं
आणि दुपारी उजेड खालून वर येतो.
लोरेनच्या पोलाद कारखान्याचा माणूस गावात आला,
विमानाचं भाडं पगारातून कापू म्हणाला.
पासपोर्ट लागत नाही. आपलाच देश, म्हणाला.
ओहायोतल्या घरमालकिणींना मात्र
हे कुणी कळवलं नव्हतं.

बत्तीस वर्षं त्यांनी पोलादी नळ्या ओढल्या.
आई भेटली चर्चच्या तळघरातल्या नाचात,
आदेलैदा, उतुआदोची, डोंगरातली.
समुद्र तिनं फक्त विमानातून पाहिलेला.
पाणी ते पाणी, ती म्हणे.
यावरून त्यांची भांडणं व्हायची,
खरीखुरी, ताटं आपटून.

आम्ही चौघं. ते स्पॅनिशमध्ये विचारायचे,
आम्ही इंग्रजीत उत्तर द्यायचो,
मधे हिरव्या तुरीचा भात निवत बसायचा.

खाल्ल्या मिठाला जागावं, ते म्हणत.
कारखान्याच्या कानावर ही म्हण गेलेली नसावी.
त्र्याऐंशीत त्यानं माणसं काढली.
वडील एक्कावन्न.
नगरपालिकेनं त्यांना ट्रक दिला,
बर्फाच्या रात्री रस्त्यांवर मीठ टाकायचा.
हसत घरी आले. आईला वाटलं, प्यायलेत.
"नेरेइदा, ऐकलंस? मीठ!
चाळीस टन! आणि खरवडायचं नाही,
नुसतं उधळायचं!"

पहाटे तीनला मी खिडकीतून पाहायची,
पिवळा दिवा फिरतोय,
मागं खडे तडतडतायत,
आणि ते ट्रक इतका हळू नेतायत
की गावाची दृष्ट काढतायत जणू,
ज्यांनी त्यांना खोली नाकारली त्या घरांचीसुद्धा.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं
की हे मीठ येतं कुठून.
क्लीव्हलंडपाशी खाण आहे,
याच तळ्याखाली, अठराशे फुटांवर.

दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

मी बेटावर गेले तेव्हा चाळिशी उलटली होती.
चुलतबहीण मोनसेरातेनं गाल पुढं केला,
माझं एक वाक्य ऐकलं आणि आत ओरडली:
"बाहेरची आलीये, कॉफी टाका."
मिठागराकाठी मी एक पिशवी भरून घेतली.
विमानतळावर पांढरी पूड पाहून
अधिकाऱ्यानं हातमोजे चढवले.
मीठ आहे, मी म्हटलं. वडिलांसाठी.
तुमच्याकडे मीठ मिळत नाही? त्यानं विचारलं.
मिळतं, मी म्हटलं, आणि तिथंच अडकले.

घरी पोचले तर डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलेलं.
रक्तदाब. सूप अळणी, अंडं अळणी.
त्यांनी पिशवी कानाशी धरून हलवली,
एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले.
मी वाट पाहत राहिले.
"ट्रकमधल्यासारखंच लागतं," म्हणाले,
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.
मला ते खोटं वाटलं. अजून वाटतं.

ते गेले त्याला आता चौदा वर्षं झाली.
पिशवीला दर ऑगस्टला पाणी सुटायचं,
मी बरणी बदलायची.
तळ्यात सोडावं असं एकदा मनात आलं होतं,
गेलेसुद्धा; काठावर लग्नाचे फोटो चालले होते,
परत आले.

परवा पाहुणे आले, घरातलं मीठ संपलेलं,
दुकानं बंद. तेच घातलं.
कुणाला काही कळलं नाही.
फक्त धाकटा नातू,
ज्याला स्पॅनिशमधले दहा शब्द येतात आणि त्यातल्या चार शिव्या,
पहिल्याच घासाला थांबला.
"आजी," म्हणाला, "भात खारट झालाय."

मी म्हटलं, खा.