रांगेत

सातपूर. रात्रीचे अडीच. द्राक्षांच्या शीतगृहात
सर्व्हर घुरघुरतोय.
काळ्या पडद्यावर पत्ता, विषय, दोन ओळी,
आणि शेवटी ओळीवर एकटं टिंब.
तेवढ्याने पाकीट मिटतं.

पप्पा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तिकिटं छापायचे.
बोटांना डिंकाचा वास.
घरात मात्र पत्र कुणी लिहायचं नाही.

इथे तिकीट लागत नाही. सर्व्हर सांगतो: रांगेत घेतलं.
पोचलं, असं तो म्हणत नाही.

यादी मागवते. सतरा थांबलीत.
सोळा रॉटरडॅमची, पेट्यांचा हिशेब.
सतरावं पप्पांच्या बंद पडलेल्या पत्त्यावर;
दर अर्ध्या तासाने पुन्हा दार वाजवून येतं.

पाच दिवसांनी परत येईल.
आज चौथा.
काढून टाकायची आज्ञा मला येते.